घाटावरचं सरोवर, घाटाखालची बोली

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यात कुणी आपल्या गावाचं नाव सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचं की घाटाखालचं? अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे असे दोन भाग केले आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, संग्रामपूर, जळगाव जामोद घाटाखाली. वर पैनगंगेचं खोरं, खाली पूर्णेचं. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात बाहेरचा माणूस येतो तो बहुतेक वेळा शेगावला गजानन महाराजांच्या समाधीवर डोकं टेकवायला, नाहीतर सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान पाहायला. हाताशी वेळ असला तर लोणारला एक चक्कर होते. सातपुड्याच्या पायथ्याकडे मात्र सहसा कुणी वळत नाही.

हे पुस्तक प्रवासाचं आहे, आणि तो प्रवास संकटात सापडलेल्या निसर्गाकडे आणि झपाट्यानं बदलणाऱ्या लोकजीवनाकडे जाणारा आहे. जगभर अशा प्रवासाला सध्या मोठी मागणी आहे. हिमनद्या वितळण्याआधी, प्रवाळ मरण्याआधी, एखादी जमात आपले कपडे आणि आपली घरं बदलण्याआधी ते सगळं एकदा डोळ्यांखालून घालावं, अशी घाई लोकांना झालेली दिसते. अंटार्क्टिकाला आता एकेका हंगामात एक लाखाहून अधिक पर्यटक जातात. थायलंडमधल्या माया बे या छोट्याशा किनाऱ्यावर माणसांची इतकी दाटी झाली, की तिथला प्रवाळ वाचवण्यासाठी 2018 मध्ये तो बंद करावा लागला आणि 2022 मध्ये तो पुन्हा उघडला तो कडक नियम लावूनच. आपल्याकडे अंदमानात जारवा जमातीच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांचे ताफे निघत, आणि खिडकीतून बिस्किटं दाखवून माणसांना नाचायला लावलं जाई. 2012 मध्ये त्याचं चित्रीकरण जगासमोर आलं, तेव्हा आपल्यातल्या अनेकांना पहिल्यांदा शरम वाटली.

बुलढाण्यात असली गर्दी नाही, त्यामुळे इथला धोकाही तसा नाही. इथे जे संपत चाललं आहे ते डोळ्यांना दिसत नाही, ही इथली खरी अडचण आहे. लोणारच्या सरोवरातून खारेपणा जातो आहे आणि जळगाव जामोदच्या वस्त्यांतून एक भाषा जाते आहे. पाण्यातला क्षार कॅमेऱ्यात येत नाही आणि घरात न बोलले गेलेले शब्दही येत नाहीत. नुसतं बघायला गेलेला माणूस दोन्ही ठिकाणांहून समाधानानं परत येऊ शकतो. म्हणूनच पुस्तक सुरू होण्याआधी ही लांबलचक प्रस्तावना.

आधी लोणारबद्दल. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर एक अशनी आदळला आणि सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं, जवळजवळ गोल विवर तयार झालं. बेसाल्टमध्ये आघातानं झालेली आणि इतकी शाबूत राहिलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागांवरही बेसाल्ट असल्यानं तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना मेहकरच्या पलीकडचं हे गाव नकाशावर शोधावं लागतं. हा ज्वालामुखीचा खड्डा की आघाताचा, हा वाद बराच काळ चालला. 1973 साली भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी खडकांच्या नमुन्यांतून आघाताचा पुरावा मांडला आणि तो मिटला. वयाचा प्रश्न मात्र पुढेही चालू राहिला. आधी बावन्न हजार वर्षांचा अंदाज सर्वत्र छापला जाई. नंतर आर्गॉन पद्धतीनं केलेल्या मोजणीत हे वय पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या आसपास निघालं. गावातल्या फलकांवर आणि वाटाड्यांच्या तोंडी अजून दोन्ही आकडे ऐकू येतात.

इथल्या लोकांना या खड्ड्याचं मूळ फार आधीपासून आपल्या परीनं माहीत होतं. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली लपला होता, विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याचा वध केला आणि त्या जागी हे खारं पाणी राहिलं, अशी कथा आहे. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्या कथेवर उभं आहे. त्याच्या भिंतींवरची शिल्पं सावकाश, सकाळच्या उन्हात पाहावीत. काठावरून खाली उतरलं की वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळ्याचा महादेव अशी झाडीत हरवलेली देवळं भेटतात आणि अगदी पाण्याजवळ कमळजा देवी. नवरात्रात तिची यात्रा भरते. वर धार नावाच्या झऱ्याचं गोडं पाणी बारमाही पडत असतं. तिथे स्नान करून मग देवीला जायचं, ही जुनी रीत.

गोडं पाणी वर आणि खारं खाली, या मांडणीत सरोवराचा सगळा जीव आहे. झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी विवरात येतं, पण बाहेर पडायला त्याला वाट नाही. ते फक्त उन्हानं वाफ होऊन जातं आणि क्षार मागे ठेवतं. हजारो वर्षं हा व्यवहार चालू राहिला, म्हणून इथल्या पाण्याचा सामू दहाच्या वर गेला. इतक्या अल्कधर्मी पाण्यात सहसा मासे जगत नाहीत. जगतात ते त्या पाण्यासाठीच घडलेले सूक्ष्मजीव आणि शेवाळ. अशा पाण्यातून माणसानंही काम काढून घेतलं. सोळाव्या शतकातल्या 'ऐन-ए-अकबरी'त या मुलखात काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो, अशी नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावरून क्षार गोळा करायचे, त्यांची दल्ला, पापडी, भुसकी अशी प्रतवारी लावायची, हा इथला धंदाच होता. कोणता क्षार कुठे, किती उन्हात धरतो, हे त्या माणसांना ठाऊक होतं. सरोवराचं ते सर्वात जुनं शास्त्र होतं आणि ते लिहून ठेवायच्या आतच त्या हातांबरोबर गेलं.

सरकारी कागदावर लोणारला मानाची कमी नाही. 1979 मध्ये ते राष्ट्रीय भूवारसा स्थळ झालं, 2000 मध्ये अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये नांदूर मधमेश्वरपाठोपाठ महाराष्ट्रातलं दुसरं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण गाव विवराच्या अगदी कडेला वसलेलं आहे. वरचं सांडपाणी, शेतातून वाहून येणारं खत, उतारावर माजलेली वेडी बाभूळ, हे सगळं खालच्या पाण्यापर्यंत पोचतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, आदेश निघाले, कामंही झाली. काठावरच्या गावाला नुसता दोष देऊन भागणार नाही. संरक्षित क्षेत्राच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला घर बांधायचं, विहीर खणायची, दुकान टाकायचं तर किती कागद फिरवावे लागतात, हे बाहेरच्यांनी एकदा समजून घ्यावं.

2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस होते, सगळ्यांच्या हातात फोन होता आणि लोणारचं छायाचित्र जगभर फिरलं. लोकांना वाटलं, काहीतरी भयंकर घडलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा कारण सापडलं: पाणी आटून क्षारता वाढली होती आणि खारटपणावर पोसणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढले होते, त्यांच्या अंगचाच तो रंग. म्हणजे सरोवर त्या दिवसांत आपल्या मूळ स्वभावावर गेलं होतं. त्यानंतरच्या वर्षांत उलटं घडत आलं. पाण्याची पातळी वाढत गेली आणि पाणी कमळजा देवीच्या देवळापर्यंत येऊन भिडलं. काठावरून पाहणाऱ्याला हे दृश्य फार सुंदर वाटतं. भरलेलं, हिरवंगार, चहूबाजूंनी झाडी. विदर्भातल्या माणसाला तर भरलेलं पाणी दिसलं की आनंदच होतो, आणि त्याला कोण नावं ठेवणार! पण गोडं पाणी असंच येत राहिलं तर खारेपणा विरत जाईल आणि जे जीव केवळ या पाण्यात जगू शकतात, त्यांना दुसरीकडे जायला जागा नाही. गुलाबी रंगानं सगळे घाबरले. भरलेल्या पाण्यानं फार थोडे घाबरतात, आणि घाबरायला हवं ते याच पाण्याला.

आता घाट उतरू. खामगावकडून उत्तरेला निघालं की पूर्णेचं सपाट, काळं रान लागतं. हा खारपाणपट्टा. इथेही पाण्यात क्षारच आहेत, पण त्यांना देऊळ नाही, कथा नाही आणि पर्यटकही नाहीत. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या कित्येक गावांत विहिरीचं, बोअरचं पाणी पिववत नाही आणि तरी ते पिढ्यान्‌पिढ्या प्यावं लागलं आहे. मूत्रपिंडाच्या आजारांनी घरं मोडलेली इथे भेटतात. एकाच जिल्ह्यात वर खारं पाणी टिकावं म्हणून आपण धडपडायचं आणि खाली तेच पाणी हटावं म्हणून. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत.

याच पट्ट्यातलं भेंडवळ अक्षय तृतीयेला गजबजतं. वाघ घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली घटमांडणी त्या दिवशी होते. शेतात घट मांडून भोवती धान्य ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात काय हललं, काय सरकलं ते पाहून पाऊसपाण्याचं, पिकाचं भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीनं त्यावर आक्षेप घेतला आहे आणि तो मला मान्य आहे. या भाकितावर पेरणी ठरवू नये. तरी या प्रथेचा उल्लेख इथे करायचा तो एवढ्यासाठी, की जुनं ते सगळं मरतं आहे अशा समजुतीनं कुणी इथे येऊ नये. घटमांडणीला आता वाहिन्यांचे कॅमेरे येतात, तिचा निकाल काही मिनिटांत राज्यभर पसरतो. परंपरा बदलल्या की संपल्याच असं होत नाही.

भाषेचं मात्र तसं नाही. सातपुड्याच्या कुशीत, जळगाव जामोद आणि संग्रामपूर या दोन तालुक्यांच्या डोंगरकडेला कोरकू, भिल्ल, भिलाला, पावरा यांच्या वस्त्या आहेत आणि त्यांच्यात निहाल लोकांची घरं. कुवरदेव, सोनबर्डी, चालठाणा, जामोद ही त्यांची गावं. त्यांच्या निहाली भाषेचं नातं जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी आजवर सिद्ध झालेलं नाही. युरोपातली बास्क, हुंझा खोऱ्यातली बुरुशास्की, नेपाळातली कुसुंडा यांच्या पंक्तीत बसणारी ही भाषा, आणि ती बोलणारी माणसं दोन-अडीच हजारांच्या आसपास. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात 1906 च्या खंडात तिची दखल घेतली गेली. 1962 मध्ये कॉयपर या डच पंडितानं तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिच्यातले बरेच शब्द कोरकूतून, मराठी-हिंदीतून, द्राविडी भाषांतून आलेले; पण साधारण पाव भाग असा उरतो, की ज्याला कुठेच जोड सापडत नाही. तो कुठला? आर्य, द्रविड, मुंडा हे कुणीच इथे नव्हते तेव्हाच्या माणसांच्या बोलण्याचा तो अवशेष असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. काहींना ती मुद्दाम घडवलेली गुप्त बोली वाटली. 2014 मध्ये के. एस. नागराज यांचं निहालीवरचं पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेनं काढलं आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांनीही तिच्या नोंदी केल्या. आता निदान तिचं व्याकरण आणि शब्द कागदावर आहेत.

पण भाषा कागदावर जगत नाही. निहाल माणूस शेजाऱ्याशी कोरकूत बोलतो, बाजारात मराठीत, पलीकडे मध्य प्रदेशात मजुरीला गेला की हिंदीत. कोरकूंशी लग्नसंबंध होतात आणि घराची भाषा बदलते. आश्रमशाळेत मूल मराठी शिकतं, आणि ते शिकलंच पाहिजे. नोकरी, दवाखाना, तहसील सगळं तिथे आहे. मूल घडाघडा मराठी वाचू लागलं की आई-बापाला, गुरुजींना, आपल्यालाही आनंद होतो. सरोवर भरल्याचा आनंद होतो तसाच हा. आणि त्याच वेळी घरातलं काहीतरी कमी झालेलं असतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

निहालांनी आपली भाषा बाहेर फारशी का काढली नाही, याला इतिहास आहे. जुन्या इंग्रजी कागदांत त्यांना कोरकूंचे चाकर म्हटलं आहे, नाहीतर डोंगरातले लुटारू. ज्या माणसांना शेजारी हलकं लेखतात ती आपली बोली चारचौघांत मिरवत नाहीत. त्यामुळे गावात एखादा बाहेरचा आला आणि त्यानं फोन पुढे धरून "तुमच्या भाषेत काहीतरी बोला" म्हटलं, की त्यात त्याचं कुतूहल असतं पण समोरच्याची जुनी जखम दुखते. अंदमानातल्या बोआ सीनियर या आजी 2010 च्या जानेवारीत गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर अका-बो भाषा संपली. शेवटची काही वर्षं त्यांच्याशी त्या भाषेत बोलायला दुसरं माणूस नव्हतं, नुसते ध्वनिमुद्रण करणारे अभ्यासक होते. निहालीवर ती वेळ आलेली नाही. अजून दोन माणसं एकमेकांशी भांडू शकतात, हसू शकतात, पोरांना रागावू शकतात इतकी ती जिवंत आहे.

आणि जंगल? संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबारवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे; आतली काही गावं पायथ्याशी हलवली गेली. वाघाला जागा मिळाली, हे चांगलं झालं. उठलेल्या माणसांचं काय झालं हा प्रश्न प्रत्येक प्रवाशानं विचारावा, कारण जंगलातली वस्ती मोडून सडकेच्या कडेला आली की बोली, सण, रानभाज्यांची ओळख एकाच पिढीत पातळ होते. घाटावरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात 2019 च्या डिसेंबरात टिपेश्वरचा एक तरुण वाघ पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा माग कळला: यवतमाळहून निघून, तेलंगण शिवून, शेतं-नाले-रस्ते ओलांडत तो सुमारे तेराशे किलोमीटर चालून आला होता आणि पुढेही चालत राहिला. तो ज्या वाटेनं आला ती वाट कोणत्याही पर्यटन नकाशावर नाही. कापसाच्या रानातून, नाल्यांच्या झुडपांतून गेलेली ती वाट मोडली तर ज्ञानगंगेची हिरवी पाटी तशीच राहील आणि वाघ येणार नाही.

मग माणसानं इथे यावं की येऊ नये? माझं मत स्पष्ट आहे: यावं. समृद्धी महामार्गानं मेहकर आता जवळ आलं आहे, लोणारला येणं सोपं झालं आहे, आणि दुर्लक्षानं या जिल्ह्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं पाहुण्यांनी अजून केलेलं नाही. पण तयारी करून यावं. तयारी कशी, ते लेखक मारुती चितमपल्लींकडून शिकावं; ते वनखात्याचे अधिकारी होते. झाडांची, पाखरांची नावं ते जंगलातल्या माणसांकडून शिकत गेले आणि शिकवणारी ती माणसं त्यांच्या लिखाणात आदरानं येत राहिली. तेवढा जन्म आपल्याला देता येणार नाही, एक मुक्काम देता येतो. लोणारला काठावरून दोन फोटो काढून निघू नये. स्थानिक वाटाड्या घ्यावा, त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत, पाण्याची पातळी गेल्या वर्षी कुठे होती ते त्याच्याकडून दाखवून घ्यावं. धारेखाली साबण लावू नये. ते पाणी शेवटी त्याच विवरात उतरतं. सातपुड्याच्या वस्तीत ओळखीशिवाय, गुरुजींना किंवा गावातल्या जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय जाऊ नये. गेलं तर चहा घ्यावा, आपलं गाव-घर आधी सांगावं आणि फोन पिशवीत ठेवावा. कुणाला आपली भाषा ऐकवायची असेल तर तो आपणहून ऐकवेल.

पुढच्या पानांत वाचकाला जे लोक भेटतील त्यांना दयेची गरज नाही. क्षार ओळखणारे हात गेले, तसे निहाली बोलणारे ओठ जाऊ नयेत, एवढंच या पुस्तकाचं मागणं आहे, आणि त्यासाठी करण्यासारखं एक साधं काम लवकरच समोर येणार आहे. 1971 पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे छापले जात नाहीत. कोरकूची सव्वासात लाखांची नोंद 2011 च्या तक्त्यात सापडते, निहालीची सापडत नाही. 2027 ची जनगणना होईल तेव्हा जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या वस्त्यांत जे शिक्षक, ग्रामसेवक प्रगणक म्हणून जातील, त्यांना माझी विनंती आहे. मातृभाषेच्या रकान्यात अंदाजानं मराठी किंवा कोरकू लिहू नका. घरात कोणती भाषा बोलता हे प्रत्येक घरी विचारा आणि उत्तर निहाली आलं तर निहालीच लिहा.